दोन कड्या सैल

ठाकूरद्वारच्या नव्या वाडीत वेलकरांच्या घरी टाक, दौत आणि पेन्शन या तीन गोष्टी वडिलोपार्जित चालत आल्या होत्या. पणजोबा कस्टम्समध्ये, आजोबा सेक्रेटरिएटमध्ये, वडील अण्णा पोर्ट ट्रस्टमध्ये. सगळे टेबलाशी बसले आणि टेबलावरूनच रिटायर झाले. अशा घरात अच्युत जन्मला आणि मॅट्रिकला दोनदा आपटला. तिसऱ्यांदा फॉर्म भरायला म्हणून बाहेर पडला तो मोटार चालवायचं लायसन काढून घरी आला. अण्णांनी ते हातात घेतलं, चष्मा लावून शिक्का पाहिला, सही पाहिली आणि म्हणाले, "चला, निदान कागद तरी सरकारी आहे."

रक्त काही लपत नाही म्हणतात ते खरं. अच्युत परळच्या एका मिलमध्ये लॉरीवर लागला, खाकी घालू लागला, हाताला ग्रीसचा वास येऊ लागला, पण आतला कारकून जागचा हलला नाही. मोटारीच्या कायद्याचं पुस्तक विकत घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा ड्रायव्हर लालबाग-परळात दुसरा नसेल. बाकीचे ड्रायव्हर त्याला 'वकीलसाहेब' म्हणायचे. तो हसायचा आणि पुस्तक सीटखाली ठेवायचा.

मिलची लॉरी कॉटन ग्रीनच्या वखारीतून कापसाच्या गाठी आणायची. एका लॉरीत भागेना म्हणून मिलनं मागे जोडायला ट्रेलर घेतला, आणि तो ओढायला कुणी तयार होईना. मागे ट्रेलर लागला की लॉरी लॉरी राहत नाही. वळताना आधी बाहेर जाऊन मग आत यावं लागतं, नाहीतर मागचं धूड फुटपाथवर चढतं. ब्रेक आधीपासून हळूहळू लावावा लागतो, नाहीतर मागचं ओझं पुढच्याला ढकलतं. मागे घेताना तर चाक डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. भलेभले घाम पुसत उतरले. अच्युतनं पुस्तक वाचलं, तीन रविवार मिलच्या रिकाम्या आवारात रिकामा ट्रेलर पुढे-मागे केला आणि चौथ्या सोमवारी गाठी आणल्या.

ट्रेलरवर माणूस हवा, हा नियम. मागचा हातब्रेक त्याच्या ताब्यात. दुसरं कुणी, अगदी मिलचा मालक आला तरी, ट्रेलरवर बसायचं नाही. तो माणूस म्हणजे कोंडीराम. साताऱ्याकडचा, वरळीच्या बीडीडी चाळीत एका खोलीत दहा गाववाल्यांबरोबर राहणारा, हाडापेरानं दणकट आणि बोलायला तिखट. ड्रायव्हरच्या कानापाशी एक पितळी घंटी होती आणि तिची दोरी ट्रेलरवर कोंडीरामच्या हातात. एकदा वाजली तर चल, दोनदा वाजली तर थांब. दिवसभर दोघं एकाच गाडीवर, आणि तोंड दिसायचं ते फक्त चहाला.

रोज सकाळी निघण्याआधी अच्युत लॉरीपाशी उभा राहून एकेक नाव घ्यायचा आणि कोंडीराम त्या त्या जागी हात लावून जबाब द्यायचा.

"पिन?"

"हाय."

"पिनेची खिट्टी?"

"हाय."

"साखळी?"

"हाय. वर हाय, घासत न्हाई."

"ब्रेकचं चाक?"

"फिरतंय."

"लाल दिवा? नंबराची पाटी?"

"हाय. पुसलीया."

"गाठी?"

"म्होरं जड, मागं हलक्या."

"कोंडीराम?"

"हाय की वो. दिसत न्हाई व्हय?"

शेवटचा प्रश्न अच्युत अगदी गंभीरपणे विचारायचा, कारण ट्रेलरवर माणूस आहे की नाही हेही तपासायला हवंच. मिलच्या फाटकावरचे लोक हे ऐकायला मुद्दाम थांबायचे.

यातली साखळी काय ते सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्याशी बांधलेलं आहे. लॉरी आणि ट्रेलर जोडलेले असतात दांड्यानं आणि एका जाड पिनेनं. पिन कधी उडालीच तर ट्रेलर मोकाट सुटू नये म्हणून दांड्याखालून एक साखळी दोन्हीकडे अडकवतात. ती इतकी ताठ नको की वळताना तुटेल, आणि इतकी सैल नको की रस्त्यावर घासेल. घासली की कड्या झिजतात, आणि झिजलेली साखळी असून नसल्यासारखी. अच्युत घरी बायकोलासुद्धा हे समजावत असे. जेवता जेवता तोंडानं घासणाऱ्या साखळीचा 'खर्र्र-खण, खर्र्र-खण' असा आवाज काढून म्हणत असे, "हा आवाज ऐकू आला की समजावं, ड्रायव्हर गाढव आहे."

सुनंदा हसायची. फार हसायची ती. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल झालं नाही, वाडीतल्या बायका सणासुदीला नको ते विचारायच्या, तरी त्या घरात हसण्याची ददात नव्हती. पंचावन्न साली मात्र तिचा खोकला राहीना. आधी हवा बदलली म्हणून, मग दगदग झाली म्हणून, मग एके दिवशी पदराला रक्ताचा डाग दिसला आणि म्हणण्यासारखं काही उरलं नाही. श्रावणात तिला शिवडीच्या क्षयाच्या इस्पितळात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत, पण वेळ लागेल. किती, ते कुणी सांगेना. भेटायची परवानगी फक्त रविवारी, चार ते सहा.

आणि गंमत बघा दैवाची. गाठी आणायचा रस्ता त्याच इस्पितळाच्या कुंपणावरून. दिवसाला चार वेळा अच्युत तिच्यापासून हाकेच्या अंतरावरून जायचा, आणि हाक मारता येत नव्हती. भिंत उंच, मध्ये झाडं, तिची खाट आतल्या व्हरांड्यात. भोंगा वाजवावा तर फाटकाशीच पाटी: इस्पितळ आहे, भोंगा वाजवू नये. दुसरा कुणी असता तर वाजवून मोकळा झाला असता. हा पडला वकीलसाहेब. भिंत लागली की लॉरी आणखी हळू करायचा, भिंत संपली की वेग धरायचा, आणि वखार येईपर्यंत त्याचा जीव त्या भिंतीपाशीच घुटमळत असायचा.

रात्री ठाकूरद्वारला परतला की खोली खायला उठायची. तिची पेटी, तिचा आरसा, तिनं अर्धवट विणलेला त्याचा स्वेटर. तो स्टोव्हवर भात लावायचा आणि हटकून दोघांना पुरेल एवढा लावायचा.

कार्तिकात एकदा कोंडीरामनं घाईत साखळी चुकीच्या कडीत अडकवली. साखळी रस्त्याला लागली आणि इस्पितळाच्या भिंतीवरून जाताना खणखणत गेली. अच्युतनं पुढे थांबवून कोंडीरामला असा काही झापला की तो दोन दिवस बोलला नाही. पण रविवारी व्हरांड्यात सुनंदा उठून बसली होती. गाल खोल गेले होते, डोळे मात्र नाचत होते.

"गुरुवारी दुपारी तुमची गाडी गेली ना हो?" ती म्हणाली. "ड्रायव्हर गाढव होता. मी कमलाबाईला म्हटलं, हे आमचे."

कमलाबाई म्हणजे वॉर्डातली आया. ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "त्या दिशी बाई पेज समदी प्याली. हट्ट करावा लागला न्हाय."

अच्युत घरी चालत गेला. शिवडी ते ठाकूरद्वार चालत. ट्रामचं त्याला भानच नव्हतं. सोमवारी सकाळी नेहमीची नावं घेता घेता साखळीपाशी आला आणि आवाज एकदम खाली आला. "कोंडीराम, दोन कड्या सैल सोड."

कोंडीरामनं वर पाहिलं. "घासंल."

"इस्पितळापुरतीच. पुढे थांबून वर घेऊ."

"वैनीसाठी?"

कोंडीरामनं दोन कड्या सोडल्या. त्याची बायको गावी होती, वर्षातून दोनदा भेटणारी. त्याला जास्त सांगायची गरज नव्हती.

तेव्हापासून तो क्रमच होऊन बसला. भिंत यायच्या आधी थांबायचं, साखळी सैल करायची, भिंत संपली की थांबून वर घ्यायची. अच्युतनं मनाची समजूतही घातली होती: भोंगा वाजवू नये असं पाटीवर आहे, साखळीचं तिथे काही लिहिलेलं नाही. कारकुनाचा मेंदू, दुसरं काय. सुनंदा मात्र कान देऊन बसायला शिकली. रिकामा ट्रेलर कसा वाजतो आणि भरलेला कसा, हेसुद्धा तिला कळू लागलं. रविवारी ती सांगायची, "बुधवारी गाडी दोनदाच गेली. का हो?" आणि हा सांगायचा, टायर बसला होता. मग टायर कसा बदलला ते पहिल्यापासून. तिला ते सगळं हवं असायचं. दोन तास पुरायचे नाहीत. तिचं वजन वाढलं. डॉक्टर इंजेक्शनांना श्रेय देत होते, द्यायला हवंच. पण अच्युतला वाटायचं, यात आपलाही वाटा आहे, आणि त्या वाटण्यानं तो सुखावायचा.

पण आळस माणसाला कधी पकडतो ते कळत नाही. दिवसातून आठ वेळा थांबायचं, उतरायचं, वाकायचं. कधी मागच्या गाड्या खोळंबायच्या, कधी मिलमध्ये घाई असायची. एकदा साखळी वर घ्यायची राहिली. मग दोनदा. पौष लागेस्तोवर ती सकाळी सैल सुटायची ती संध्याकाळीच वर जायची. रोज सकाळी अच्युत विचारायचा, "साखळी?" कोंडीराम म्हणायचा, "हाय." पुढचं 'वर हाय, घासत न्हाई' त्यानं गाळून टाकलं होतं. गाळलं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

जानेवारीत दिल्लीहून रेडिओवर ती बातमी आली. मुंबई महाराष्ट्राला नाही. गिरगाव पेटलं, लालबाग पेटलं, परळ पेटलं. मिल बंद, ट्राम बंद, संचारबंदी, गोळीबार. नव्या वाडीच्या तोंडाशी पोलीस उभे. अण्णांसारखा सरकारी शिक्क्याला नमस्कार करणारा माणूस गॅलरीत उभा राहून थरथरत 'मुंबई आमची' म्हणाला. अच्युतचं रक्त काय कमी तापलं होतं? पण बाकीच्यांचं एक चित्त होतं, त्याची दोन होती. गोळीचा आवाज झाला की तो म्हणायचा, हा तिथेही ऐकू जात असेल. गोळ्या ऐकू येत असतील आणि साखळी येत नसेल. तिला काय वाटत असेल? सात दिवस. मधला रविवारही संचारबंदीत गेला. निरोप द्यायला वाट नाही. एकदा तो अंधारात निघालाही, चर्नी रोडच्या नाक्यावरून शिपायानं काठी उगारून परत पाठवला.

आठव्या दिवशी, मंगळवारी, मिलचं फाटक उघडलं. अच्युत सगळ्यांच्या आधी हजर. पिन झाली, खिट्टी झाली.

"साखळी?"

कोंडीराम खाली वाकलेलाच राहिला. "अच्युतराव, हिकडं या जरा."

अच्युत वाकला. एक कडी झिजून झिजून करंगळीच्या नखाएवढी उरली होती. आठ दिवस गाडी उभी होती म्हणून ती निवांत बघायला मिळाली. नाहीतर चालू कामात कोण बघतंय?

"स्टोअरमध्ये नवी असेल," अच्युत म्हणाला.

"स्टोअरकीपर उद्या येनार. तवर ट्रेलर सोडून नुस्ती लॉरी नेऊ."

हे बरोबर होतं. पुस्तक विचारलं असतं तर पुस्तकानंही हेच सांगितलं असतं. पण नुसत्या लॉरीला साखळी नसते, आणि परळच्या रस्त्यावर लॉऱ्या छप्पन्न. आठ दिवस ती कान लावून बसली असेल. आज पुन्हा काहीच वाजलं नाही तर ती काय समजेल? अच्युतच्या डोळ्यांसमोर तिची खाट आली, आणि बाकी सगळं दिसेनासं झालं.

"आजच्या दिवस," तो म्हणाला.

मी म्हणतो, जगातले निम्मे घात या दोन शब्दांनी केले आहेत. कोंडीरामनं त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि ट्रेलरवर चढून बसला. त्या दिवशी अच्युतनं शेवटचा प्रश्न विचारला नाही.

रस्त्यात विटा, काचा, जळके टायर. सकाळी रिकामा ट्रेलर भिंतीवरून खणखणत गेला. दुपारी भरलेला परत खणखणत गेला. दोन्ही वेळा अच्युतला वाटलं, पलीकडून कुणीतरी श्वास सोडला. भिंत संपली, परळकडचा चढ लागला. चढावर कुणी दगडांची आडकाठी रचली होती, ती अर्धवट बाजूला केलेली. डावीकडे घ्यावं तर ट्रेलर झोल खाणार. तो हळूच दगडावरून घ्यायला गेला. मागचं चाक चढलं, आपटलं. कानाशी घंटी दोनदा वाजली, मग थांबेचना, मग दोरी तुटली आणि एकदम गप्प झाली. हातातली लॉरी हलकी झाली होती.

पिन उडाली, साखळी तुटली, आणि ट्रेलर उलटा उताराला लागला. खाली रॉकेलच्या दुकानापुढे बायकांची रांग होती, आठ दिवसांनी दुकान उघडलं म्हणून. कोंडीरामला उडी मारता आली असती. त्यानं मारली नाही. शिव्या घालत ब्रेकचं चाक फिरवत राहिला. ट्रेलर तिरपा झाला आणि गोदामाच्या भिंतीवर जाऊन धडकला. रांगेतल्या एकाही बाईला खरचटलं नाही. वरची गाठ मात्र सुटून कोंडीरामच्या पायावर आली. रात्री डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला.

त्याच वेळी शिवडीत सुनंदा दोन घास जास्त जेवून निर्धास्त झोपली होती. आठ दिवसांत पहिल्यांदा.

चौकशी झाली ती नावाला. इन्स्पेक्टर भला माणूस होता, त्याला घरी जायची घाई होती. "दगड होते ना रस्त्यात? मग झालं. लिहा, दंगलखोरांच्या दगडांमुळे अपघात." मिलच्या साहेबालाही तेच हवं होतं. इस्पितळात कोंडीराम छताकडे बघत म्हणाला, "दगडावर घाला, अच्युतराव. दगडाचं काय जातंय? तुमचं लायसन वाचंल."

इथे वेलकरांचं घराणं आडवं आलं. तोंडानं थोडं इकडचं तिकडे करायला वेलकर मंडळी कधी लाजली नाहीत. अच्युतनं स्वतःच महिनाभर 'साखळी?' विचारून खोटा जबाब ऐकून घेतला होता. पण कागदावर खोटं लिहून खाली सही करायची, हे त्या घरात तीन पिढ्यांत घडलेलं नव्हतं. त्यानं कागद पुढे ओढला आणि सुरेख, गोल, अण्णांनी घटवून घेतलेल्या अक्षरात लिहिलं: दगडामुळे पिन उडाली हे खरं. पण पिन उडते म्हणूनच साखळी असते. साखळी झिजली होती, आणि ती झिजली मी जाणून सैल सोडली म्हणून. ट्रेलरवरच्या माणसानं सांगूनही मी गाडी काढली. खाली सही केली. दगड रचणाऱ्या पोरांवर घालायचं पाप टळलं आणि लायसन गेलं.

रविवारी तो शिवडीला गेला. सुनंदानं आधी त्याचे दोन्ही हात चाचपून पाहिले. "गोळ्यांचा आवाज यायचा," ती म्हणाली, "मी साखळी ऐकायचे. मंगळवारी आली. मग पुन्हा चार दिवस नाही. मी म्हटलं, माझं आता काही खरं नाही." आणि ती हसली.

मग त्यानं सगळं सांगितलं. काही राखलं नाही. ती ऐकता ऐकता मागे सरकली आणि भिंतीला टेकली.

"कोंडीरामला मुलं किती?" तिनं विचारलं.

"दोन."

"आजपासून माझ्यासाठी म्हणून काही करायचं नाही," ती म्हणाली. "रविवारी या, बसा, जा. बाकी काही नको. मला नाही हो पेलायचं."

मिलनं त्याला काढलं नाही. अक्षर चांगलं म्हणून फाटकावरच्या ऑफिसात गेटपास लिहायला बसवलं. अण्णा म्हणाले, "बसलास ना एकदाचा टेबलाशी?" आणि बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंनुसं झालं. कोंडीराम कुबडी घेऊन परत आला तेव्हा मिलनं त्याला त्याच फाटकावर पहाऱ्याला ठेवलं. दोघं पुन्हा एका जागी, आणि आता दिवसभर समोरासमोर. पहिल्या दिवशी अच्युत हात जोडून त्याच्यापुढे उभा राहिला. कोंडीराम म्हणाला, "माफ केलं असं म्हननार न्हाई. पाय माझा गेलाय. चा प्या." अच्युतनं चहा घेतला. पुढे बरीच वर्षं तो रोज त्याच्याबरोबर चहा घेत राहिला.

नव्या ड्रायव्हरनं नवी साखळी लावली, वर, नियमात. ट्रेलर शिवडीच्या भिंतीवरून गुपचूप जाऊ लागला.

अच्युतला राहवेना. बायकोनं नको म्हटलं होतं, आणि तिला तोंड वर करून काही विचारायची त्याची लायकी उरली नव्हती. पण एकची सुट्टी झाली की डबा तसाच ठेवून तो मिलमधून निघायचा, भरभर चालत शिवडीला जायचा, भिंतीशी एक भेंडीचं झाड होतं त्याखाली दहा मिनिटं उभा राहायचा आणि परत फिरायचा. आवाज नाही, हाक नाही. चालत्या माणसाचा कसला आवाज? आत ती जेवली असेल, आत ती निजली असेल, एवढं मनात म्हणायचं. रविवारी भेटल्यावर यातलं अक्षर काढायचं नाही. तीही त्या विषयाला शिवली नाही. रविवारचे दोन तास आता सरता सरायचे नाहीत, आणि संपले की जीव तुटायचा.

असं दोन वर्षं चाललं. सत्तावन्न साली निवडणुका झाल्या, गिरगावात गुलाल उधळला, अण्णा नाचले. तिचं कधी बरं, कधी वाईट. डॉक्टरांनी एकदा घरी न्यायची तारीखसुद्धा सांगितली होती, त्यानं खोलीला चुना लावून घेतला होता. मग पुन्हा ताप आला. अठ्ठावन्नच्या फाल्गुनात, एका सोमवारी पहाटे, ती गेली. रविवारी सहा वाजता तो उठला तेव्हा तिनं फक्त म्हटलं होतं, "सावकाश जा."

तेराव्यानंतर तो तिच्या वस्तू आणायला गेला. कमलाबाईनं गाठोडं बांधून ठेवलं होतं. दोन पातळं, फणी, कुंकवाचा करंडा. ती गाठोडं देईना, तशीच घेऊन उभी राहिली.

"एक सांगू काय, भाऊ? बाईनं सांगू नको म्हटलं हुतं. आता गेली ती."

"सांगा."

"तुमी भेंडीखाली हुभे ऱ्हायाचात ना, दुपारचे, ते मी पयल्या आठवड्यातच फाटकातनं बघितलं. बाईला सांगितलं. म्हटलं, हाक मारू काय? तर माझा हात धरला. म्हनली, नको गं. मला ठाऊक हाय म्हटलं तर ते यायचं बंद करतील. मीच नको म्हटलंय ना." कमलाबाईनं डोळे पुसले. "मग रोज येळ झाली की मला म्हनायची, मला बसव. ताप असला तरी बसायची. केस विंचरून घ्यायची माझ्याकडनं. भितीकडं तोंड करून बसायची, तुमी जाईस्तोवर."

अच्युत रिकाम्या खाटेच्या कडेवर बसला. गादी गुंडाळून ठेवली होती, नुसत्या पट्ट्या होत्या. दोन वर्षं, रोज, दहा मिनिटं. त्याला आठवले ते न गेलेले दिवस. गेल्या दिवाळीत मिलमध्ये मोजदाद होती, साहेबानं चार दिवस दुपारची सुट्टीच दिली नव्हती.

"दिवाळीत मी चार दिवस आलो नाही," तो म्हणाला. "तेव्हा?"

"तवापन बसली की," कमलाबाई म्हणाली. "तीन-तीन वाजेस्तोवर बसायची. मी म्हटलं, बाई, निजा आता, आज काय येत न्हाईत. तर म्हनली, येतील गं. चालत येतात ते, येळ लागतो."